पाढे ऐकणारी

फोटोत दस्तगीर मास्तरांचे डोळे मिटलेले होते. पांढरी टोपी नीट बसलेली, कोटाची गुंडी गळ्यापर्यंत लावलेली, मिशी विंचरलेली. आणि डोळे मात्र असे घट्ट मिटलेले, की अंगावर काहीतरी कोसळणार आहे आणि ते बघायची या माणसाची तयारी नाही.

"ह्ये तिसऱ्यांदा हाय, मास्तर," चन्नाप्पा ओली प्रत चिमट्यात धरून म्हणाला. शिवाजी पेठेत त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि वीस वर्षांपूर्वी तो मास्तरांच्या चौथीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा. "वर्गात आमच्याकडं डोळं वटारून बघत हुतासा, तवा पापणी हलत नव्हती. आन् आता एवढ्याशा डबड्याला भ्यालासा?"

"भ्यालो नाही रे. दिव्याच्या उजेडानं होतं."

"उजेडाचं न्हाय त्ये. मी येक म्हनतो, दोन म्हनतो, तवर डोळं टक्क उघडं असत्यात. तीन म्हनलं की मिटतासा. असला फोटू पासपोर्टवालं घेत न्हाईत. म्हनतील, मयताला कशाला आफ्रिकेला न्यायला लागलाय?"

मास्तर हसले. चन्नाप्पाही हसला आणि म्हणाला, उद्या सकाळच्या पारी या, पोट भरून या, पुन्हा काढू. मास्तर पायऱ्या उतरून रस्त्यावर आले आणि त्यांचं हसू तिथंच पायरीवर राहिलं. तीन म्हटलं की मिटता. समोर तालमीच्या कट्ट्यावर पोरं फुटबॉलच्या मॅचवरून एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार करत होती, मास्तरांना बघून गप्प झाली, मास्तर पुढं गेल्यावर पुन्हा सुरू झाली. मास्तरांना ते ऐकू आलं नाही. आपले डोळे कधी मिटतात हे त्यांना साठाव्या वर्षी एका विद्यार्थ्यानं सांगितलं होतं, आणि ते त्यांना आधीपासून माहीत होतं. काहीतरी सुटणार, काहीतरी झेप घेणार, अशा नेमक्या क्षणाला. नवव्या वर्षापासून.

घरी लालबी अंगणात घमेल्यात काहीतरी ढवळत बसली होती. घमेल्यात मास्तरांचा पांढरा पायजमा आणि दोन सदरे चहाच्या काळ्या पाण्यात बुडाले होते. मेहमुदाच्या पत्रात तसं लिहिलं होतं. मेहमुदा त्यांची एकुलती एक मुलगी. ती आणि जावई दोघंही झांबियात लुसाकाला शाळेत शिकवायला होते, चार वर्षं झाली होती. येत्या ऑगस्टमध्ये तिला सुट्टी होती. तेव्हा तिकडं थंडी असते, गवत वाळून बसलेलं असतं आणि जनावरं लांबून दिसतात, म्हणून तिनं अब्बा-अम्मांना बोलावलं होतं आणि काफुएच्या रानात चार दिवसांच्या मुक्कामाचं ठरवून टाकलं होतं. तिथल्या छावणीची सूचना तिनं मराठीत उतरवून पाठवली होती: पांढरे कपडे नकोत, भडक नकोत, मातीच्या रंगाचे असावेत. पीतज्वराची सुई मुंबईत टोचून घ्यावी. मलेरियाच्या गोळ्या आठवडाभर आधी सुरू कराव्यात. पासपोर्टावर दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया सोडून असा शिक्का असेल, तो बघून घाबरू नये, तिकडं आपल्याला जायचंच नाही. आणि सगळ्यात खाली, ठळक: गाडीतून प्राणी बघताना कुणीही बोलू नये.

"मातीचा रंग म्हनं," लालबी म्हणाली. "जन्मभर तुमचं कापड पांढरं ठेवता ठेवता माझं हात झिजलं, आता मळवायला सांगती पोरगी. फोटू आला?"

मास्तरांनी फोटो पुढं केला. लालबीनं ओला हात लुगड्याला पुसून तो धरला आणि बराच वेळ बघितला.

"आवं, ह्ये काय! माझा बघा, डोळं बटाट्याएवढं आल्यात. मी मलकापूरची, वाघाच्या मुलखातली. आन् तुमी चित्तेवानाचं ल्योक."

तिनं थट्टेनं म्हटलं होतं. पण मास्तर आत गेले आणि भिंतीवरच्या नकाशापुढं उभे राहिले. शाळेत टाकून द्यायचा म्हणून ठेवलेला हा नकाशा त्यांनी घरी आणला होता. त्यात झांबिया अजून नव्हताच. तिथं उत्तर ऱ्होडेशिया असं लिहिलेलं होतं आणि मेहमुदानं जायच्या आदल्या दिवशी पेन्सिलीनं त्यावर बारीक रेघ मारून नवं नाव घातलं होतं. मुंबईपासून आफ्रिकेपर्यंतचं निळं पाणी मधे घडीवर फाटलं होतं. त्या फाटलेल्या पाण्यावरून मास्तरांनी बोट नेलं. इकडून तिकडं नव्हे. तिकडून इकडं. नूरी तशी आली होती.

त्यांचे वडील ख्वाजा हे संस्थानच्या चित्तेखान्यात चाकरीला होते. काळविटांच्या शिकारीसाठी पाळलेले चित्ते सांभाळायचं, त्यांना माणसाळवायचं आणि शिकारीच्या दिवशी माळावर नेऊन सोडायचं, हे त्यांचं काम, त्यांच्या वडिलांचं काम, त्यांच्याही वडिलांचं. आपल्याकडचे चित्ते संपत आले तशी आफ्रिकेतून बोटीनं जनावरं येऊ लागली. चित्त्याचं पिल्लू आणून उपयोग नसतो, ख्वाजा सांगत. पळायचं कसं आणि धरायचं कसं हे त्याची आईच त्याला शिकवते, माणसाला ते शिकवता येत नाही. म्हणून पुरं वाढलेलं, रानात शिकून तयार झालेलं जनावर पकडायचं. माणसानं त्याला एकच गोष्ट शिकवायची: माणसाला न भिणं. त्याची रीत अशी, की नव्या चित्त्याच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी चढवायची, कमरेला आणि गळ्याला दोर लावून त्याला बाजेवर बसवायचं आणि त्याच्याभोवती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माणसांनी बोलत राहायचं. काहीही बोलायचं, पण थांबायचं नाही. आळीतल्या बायका त्यासाठी येत. बायडाबाई तांदूळ निवडत सासूची उणीदुणी काढी. आक्का म्हणून एक म्हातारी होती, ती आपल्या मेलेल्या नवऱ्याशी भांडे. डोळे झाकलेलं ते जनावर दोन-तीन महिने हे सगळं ऐके आणि हळूहळू त्याच्या अंगातली थरथर निघून जाई.

नूरी नावाची मादी अशी बोटीनं आली तेव्हा बायडाबाई बाळंतपणाला गेली होती आणि आक्काचा घसा बसला होता. ख्वाजांनी नऊ वर्षांच्या दस्तूला बाजेजवळ बसवलं. "बोल," म्हणाले. पोरगं काय बोलणार? घरातलं बोलून झालं, शाळेतलं बोलून झालं, मग दुपारपर्यंत शब्दच संपले. तेव्हा त्यानं पाढे सुरू केले. बे एके बे. तीसपर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, सवायकी, दिडकी. शाळेत छडीच्या धाकानं म्हटलेले ते पाढे इथं त्यानं जसे म्हटले तसे कधीच म्हटले नव्हते. सावकाश, एकेका आकड्याला अंजारून-गोंजारून, कारण ऐकणारी घाबरलेली होती. आठव्या की नवव्या दिवशी त्याला तो आवाज ऐकू आला. आधी वाटलं शेजारी कुणी दळायला बसलंय. मग कळलं, तो आवाज बाजेवरून येतोय. पोरानं हात पुढं केला आणि त्या पिवळ्या, काळ्या टिपक्यांच्या कुशीवर ठेवला. सबंध कूस हलत होती. आत एक जातं फिरत होतं. भीती कुठल्या कुठं गेली आणि तिच्या जागी जे आलं त्याला नवव्या वर्षी नाव नव्हतं. मास्तरांना ते आजही सापडलेलं नव्हतं. एवढं मोठं, एवढ्या लांबून आलेलं, वाऱ्याला मागं टाकणारं काहीतरी आपल्या पाढ्यांनी घरघरतंय! एकोणतीसच्या पाढ्यात तो चौथ्या घराला अडखळे. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी, आणि मग आ वासून गप्प. तो थांबला की जातंही थांबे. त्याला वाटे, चूक हिला कळते. पुढं अडतीस वर्षं मास्तरकी केली, पण असा विद्यार्थी पुन्हा भेटला नाही.

त्यांनी हे दरवर्षी वर्गात सांगितलं होतं. पाढ्यांना कंटाळलेली पोरं चुळबुळायला लागली, की मास्तर खडू ठेवत आणि म्हणत, माझी पहिली विद्यार्थिनी कोण होती ठाऊक आहे का? मग बाज, टोपी, जातं, सगळं क्रमानं येई. पोरं तोंड उघडी टाकून ऐकत. आणि शेवटी, दरवर्षी, कुणीतरी विचारीच: "मग ती शिकारीला गेली का, मास्तर? पळाली का?" आणि मास्तर दरवर्षी म्हणत, "पळाली की! अशी पळाली, की नजरेला दिसलीच नाही. नुसती धूळ." पोरं सुस्कारा सोडत. चन्नाप्पानं तो सुस्कारा सोडला होता. मेहमुदानं तर किती वेळा. निजायच्या आधी ती हीच गोष्ट मागे, आणि ‘नुसती धूळ’ हे शब्द मास्तरांच्या आधी म्हणून टाकी. आता तिशी ओलांडलेल्या त्याच मुलीनं पत्रात लिहिलं होतं: अब्बा, काफुएच्या उत्तरेला मोठा माळ आहे, तिथं चित्ते आहेत. तुम्ही मला आयुष्यभर नूरीला पळवून दाखवलंत. आता मी तुम्हाला दाखवते. छावणीवाले विचारतात की पाहुण्यांना मुख्य कोणता प्राणी बघायचा आहे, त्याप्रमाणे ते वाटाड्या देतात. मी चित्ता लिहूनच टाकणार होते, पण तुमच्या हातचं उत्तर येऊ दे. महिनाअखेरपर्यंत कळवा, नाहीतर जागा जाईल.

पत्र येऊन अठरा दिवस झाले होते. लालबीला वाटत होतं, उत्तर गेलं.

रात्रीचं जेवण झालं, भांडी झाली, तरी मास्तर पाटावरून उठले नाहीत. लालबीनं दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा येऊन समोर बसली.

"पोटात दुखतंय?"

"नाही."

"मग इमानाचं भ्या वाटतंय. मला बी वाटतंय. पर मी म्हनलं, पडलंच तर दोघं संगट पडू, मागं कुनाला रडायला लागायचं न्हाय."

मास्तर म्हणाले, "नूरी पळाली नव्हती."

लालबीला आधी कळलं नाही. मग कळलं. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनंही ती धूळ अनेकदा ऐकली होती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. आणि मास्तर बोलायला लागले, पण तिच्याशी नव्हे. नकाशाकडं बघून.

पहिल्या शिकारीच्या दिवशी ख्वाजांनी दस्तूला गाडीवर घेतलं होतं. हट्ट दस्तूचाच. संस्थानचे पाहुणे मागच्या गाड्यांत होते. माळावर लांब काळविटांचा कळप चरत होता. बैलगाडीला ती जनावरं बुजत नाहीत, शेतकऱ्याची समजतात, म्हणून गाडी तिरकी तिरकी नेत जवळ जायचं. गाडीत पुढं नूरी बसलेली, डोळ्यांवर टोपी. तिच्या शेजारी ख्वाजा. मागं पोरगं. टोपी काढल्यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही, हा नियम. त्या वेळी चित्त्याच्या आणि माळाच्या मधे माणूस असता कामा नये. ख्वाजांनी बोटं वर केली. एक. दोन. आणि टोपी काढली.

पोरानं तिचे डोळे त्याआधी एकदाच बघितले होते, टोपीचा बंद तुटला होता तेव्हा, चित्तेखान्याच्या अंगणात. मधाच्या रंगाचे, आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेघा. पोरगं तिच्या अगदी समोर बसलं होतं. महिनाभर पाढे ऐकवणारा तोच, तरी ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती त्याच्या आरपार, त्याच्या मागं कुठंतरी बघत होती, इतक्या लांब की पोरानं मान वळवून मागं बघितलं. मागं अंगणाची भिंत होती. भिंतीवर शेणी थापल्या होत्या. एवढंच. पण भिंत तिला अडवत नव्हती. ती जे बघत होती ते भिंतीच्या पलीकडचं, पेठेच्या पलीकडचं, पाण्याच्याही पलीकडचं होतं, आणि त्याचा उजेड तिच्या डोळ्यांत पडला होता. मग ख्वाजांनी दुसरा बंद लावला आणि तो उजेड गेला.

आता माळावर टोपी निघाली आणि पोराला कळलं, की आता तिच्यापुढं भिंत नाही. ती उठून उभी राहिली. तिचं सगळं अंग एकाच दिशेला ओढलं गेलं, जशी धनुष्याची दोरी. गाडी, बैल, ख्वाजा, हवा, सगळं तिच्या त्या बघण्याला बांधलं गेलं. एवढं भव्य काही त्याच्या इतक्या जवळ पुन्हा कधी घडलं नाही. ते त्याला सोसलं नाही. त्यानं डोळे गच्च मिटले. आणि भ्यालेलं पोरगं जे करतं ते केलं, पुटपुटायला लागलं. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी.

डोळे उघडले तेव्हा कळप उधळला होता. नूरी गाडीत खाली बसली होती, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून, आणि आतलं जातं फिरत होतं.

मागच्या गाडीतले पाहुणे हसले. एकजण म्हणाला, दुधाचा रतीब घालून मांजर पाळलंय काय रे? ख्वाजांनी तिला टोपी घातली, बैल वळवले. पोराला मारलं नाही. अर्ध्या वाटेवर एवढंच म्हणाले, "दस्तू, तू तिला लई शिकवलंस." पुढं दोनदा नेली, पण ती पळाली नाही, माणसाचा आवाज कुठूनही आला की बसायची. मग तिला माळावर नेणं थांबलं. सणासुदीला लोकांना दाखवायला ती बाजेवर बसे, टोपी घालून. तिसऱ्या थंडीत तिनं खाणं सोडलं. तोवर रोज संध्याकाळी दस्तू जाई आणि पाढे म्हणे. दुसरं काय देणार होता?

"वर्गात खरं सांगायला पाहिजे होतं," मास्तर म्हणाले. "एकदा तरी. पण ती पोरं अशी बघायची... मी त्यांना तरी कसं सांगू, की शिकवून असंही होतं."

लालबी म्हणाली, "नऊ वर्साचं पोरगं. त्येला गाडीवर घेतलं कुनी? थोरल्या मान्सानं."

"तसं म्हणून सुटका होत नाही."

"सुटका म्हनत न्हाय मी. पर मला एक सांगा. भितीच्या बी पल्याड ती लांब बघत हुती म्हनतासा. कुठं बघत हुती? तिथंच की, जिथं मेहमुदा आपल्याला न्ह्याय लागली." ती उठली. "आन् तिथं बोलू नका म्हनून लिवलंय. तुमाला गप बसाय सांगनारं कुनीतरी भेटलं एकदाचं."

ती निजायला गेली. मास्तरांनी पत्राचा कागद घेतला. शाळेतल्या पोराचं पहिलं पत्र तपासावं तसा एकेक शब्द त्यांनी आधी मनात म्हणून बघितला.

‘चि. मेहमुदा, नूरी पळाली नव्हती. ती का पळाली नाही हे तुला समोर बसून सांगेन, कागदावर मावणार नाही. मी तुला खोटं सांगत आलो, आणि ते तू इतक्या आनंदानं ऐकलंस की मी ते थांबवू शकलो नाही. छावणीवाल्यांनी विचारलं आहे की मुख्य काय बघायचं. कोणताही प्राणी लिहू नकोस. चित्ता दिसला तर दिसला. दिसला तर तो पळावा आणि आम्हा कुणाचा आवाज त्याच्या कानावर पडू नये. मला तो माळ दाखव. जिथं समोर काही आडवं येत नाही अशी एखादी जागा वाटाड्याला विचार, आणि गाडी थांबवून मला थोडा वेळ तिथं बसू दे. बस्स. आम्ही दोघं येतो. तुझ्या अम्मीनं माझे सगळे कपडे मातीच्या रंगाचे केले आहेत.’

सकाळी टपालपेटीत पत्र पडल्याचा आवाज त्यांनी थांबून ऐकला आणि मग ते चन्नाप्पाकडं गेले. अंगात चहाच्या रंगाचा सदरा होता, ओल नीट गेली नव्हती. चन्नाप्पानं तो बघितला, तोंड उघडलं, मास्तरांचा चेहरा बघून मिटलं. त्यांना खुर्चीत बसवून त्यानं हनुवटी दोन बोटांनी किंचित वर केली, आणि कॅमेऱ्यामागच्या काळ्या फडक्यात डोकं घातलं.

"मास्तर, आज मी मोजत न्हाय. तुमीच मोजा. तीन झालं की मान हलवा."

मास्तरांनी ओठ न हलवता मोजलं. एक. कॅमेऱ्याची काळी, ओलसर चमकणारी काच त्यांच्याकडं बघत होती. दोन. काचेच्या मागं काळं फडकं, फडक्याच्या मागं स्टुडिओची भिंत, चुन्याची, खिळ्याच्या भोकांची. त्यांनी त्या भिंतीवर नजर लावली. पापण्या थरथरल्या. पोटात कुठंतरी एकोणतीसचा पाढा उठून बसला. त्यांनी तो उठू दिला आणि म्हटला नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी ते बघत राहिले. मग मान हलवली. खटका पडला.

"आला! टक्क उघडं आलं!" चन्नाप्पा फडक्यातून बाहेर आला. मास्तर तसेच बसून होते. त्यानं वळून मागं बघितलं. "मास्तर, झालं की. आता काय बघाय लागलाय? भिताड हाय त्ये."

"हो," मास्तर पापणी न हलवता म्हणाले. "अजून भिंतच आहे."